रेषेजवळ बसलेला मामा

४ मार्च

सप्टेंबरनंतर आज लिहितो आहे. इतक्या दिवसांच्या गैरहजेरीबद्दल माफी मागायची तर ती कुणाची, हा प्रश्नच आहे, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही आणि मीसुद्धा मागची पानं उलटायचं टाळतो. तरी मागतो. सबब अशी की लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

हे खरं आहे का? ऑक्टोबरात संख्याशास्त्र विभागाचं प्रमुखपद माझ्याऐवजी माझ्याहून बऱ्याच लहान असलेल्या बाईंना मिळालं. मी तावातावाने वर्षभराची रजा टाकली, सर्वसामान्य वाचकांसाठी संभाव्यतेवर पुस्तक लिहायला घेतलं, आणि प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहिला. उरलेला वेळ सोफ्यावर गेला. सोफ्याला आता माझ्या आकाराचा खड्डा पडला आहे. तेव्हा 'घडत नव्हतं' हे खोडून 'घडलेलं लिहवत नव्हतं' असं वाचावं.

आज मात्र सकाळी ताईचा फोन आला.

"झोपला होतास?"

"वाचत होतो."

"काय वाचत होतास?"

मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "प्रस्तावना."

"बरं. ऐक. भिंगरीचा कोच तिला सोडून गेला."

भिंगरी म्हणजे ताईची मुलगी, माझी एकुलती एक भाची. वय सत्तावीस, उंची माझ्यापेक्षा चार बोटं जास्त, व्यवसाय टेनिस. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. जागतिक क्रमवारीत सध्या सहाशे चाळीसच्या आसपास आहे. हा आकडा ऐकून लोक ओठ दाबून हसतात. तुमच्या धंद्यात तुम्ही जगात कितवे, असं मी त्यांना विचारतो. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांत मी स्वतः कितवा, हे काढायचा एकदा प्रयत्न केला होता. मध्येच सोडून दिला.

कोच दोनशेच्या आतल्या कुणा मुलीकडे गेला. भिंगरीचा तीन स्पर्धांचा दौरा समोर आला आहे. ताईचं म्हणणं, "एकटी कशी जाईल ती?"

"अगं, कोच मिळायच्या आधी कितीतरी वर्षं एकटीच जात होती."

"म्हणून तर म्हणते. तू जा तिच्याबरोबर."

या 'म्हणून'चा संबंध मला लागला नाही. "मी काय शिकवणार तिला? कॉलेजात बॅडमिंटनच्या संघात मी राखीव होतो."

"राखीवच हवाय," ताई म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "ती म्हणते, या दौऱ्यात एकदा तरी मुख्य फेरीत शिरले तर ठीक, नाहीतर बस्स झालं टेनिस. कंटाळलीय रे. तू बघ काय ते."

म्हणजे भाचीची कारकीर्द आता माझ्या हातात आहे. मी हो म्हटलं. त्याग म्हणून. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

७ मार्च

पहिलं गाव. बसस्थानकामागचं लॉज, शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधली भिंत इतकी पातळ की तिने बाटलीचं झाकण फिरवलं तरी मला कळतं. तिच्या खोलीत एक खुर्ची आहे, तिच्यावर रॅकेटी बसतात. मोजे न्हाणीघरातल्या दांडीवर वाळतात. टीव्हीवर टेनिस पाहताना हे मोजे मला कधी दिसले नव्हते.

पात्रता फेरी म्हणजे काय हेही आज कळलं. खरी स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, मागच्या बाजूच्या कोर्टांवर, तिथला माळी आणि दोन कावळे यांच्या उपस्थितीत तीन सामने जिंकायचे. मग मुख्य फेरीत शिरता येतं, जिथे बहुधा पहिल्याच सामन्यात हरून घरी जाता येतं. यासाठी लोक वर्षभर पोटाचे स्नायू कमावतात.

रेषेवर वाकून उभे राहणारे पंच इथे नाहीत. एक पंच तीन कोर्टांवर फेऱ्या मारतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्याने सांगायचं. म्हणजे परीक्षाही विद्यार्थ्यांनीच द्यायची आणि पेपरही त्यांनीच तपासायचे. इतकी वर्षं परीक्षागृहात पर्यवेक्षण केलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो.

"चालतं रे," भिंगरी म्हणाली. "चोरणाऱ्या कोण कोण, ते सगळ्यांना माहीत असतं."

"आणि तू?"

"मी काय?"

"कधी... चुकून?"

"मामा, मी चोरत असते तर सहाशे चाळीसवर असते का?"

तिच्यासाठी मी आलेख तयार केले आहेत: कुणाची सर्व्हिस कुठल्या कोपऱ्यात किती टक्के पडते वगैरे. तिने ते फार आदराने पाहिले आणि त्यांवर केळं ठेवलं.

८ मार्च

दुसऱ्या सामन्यात हरली. माझ्याकडून एक प्रमाद घडला. समोरच्या मुलीने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस वाया घालवल्या, आणि मी टाळ्या वाजवल्या. समोरच्याच्या चुकीला टाळी वाजवत नाहीत, हा शिष्टाचार मला माहीत नव्हता. शांततेत माझ्या एकट्याच्या टाळ्या फार स्पष्ट ऐकू आल्या. कावळेसुद्धा उडाले.

शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "पहिल्यांदाच आलात?"

"हो. मी मामा आहे."

"कुणाचे?"

मी बोट दाखवलं. त्या स्पर्धेच्या फिजिओ निघाल्या, दौऱ्याबरोबर गावोगाव फिरतात. म्हणाल्या, "मग हात मांडीखाली दाबून बसा. नव्यांना आम्ही तेच सांगतो." मी उरलेला सामना तसा पाहिला. दोन्ही हातांना मुंग्या आल्या.

संध्याकाळी भिंगरीला म्हटलं, मी पनवती असेन. ती म्हणाली, "एका सामन्यावरून? नमुना किती लहान आहे, मास्तर!" माझंच शस्त्र माझ्यावर.

१२ मार्च

दुसरं गाव. दोन सामने जिंकली! दोन्ही वेळा मी तिथे नव्हतो.

पहिल्या दिवशी सामना सुरू होताना तिने मला फिजिओबाईंकडे पिटाळलं, मनगटाची पट्टी आणायला. बाई दुसऱ्या कुणाची पोटरी चेपत होत्या, थांबावं लागलं, गप्पा झाल्या. त्यांना कोडी सोडवायचा नाद आहे. एका कोड्याचं उत्तर त्या चुकीचं धरून बसल्या होत्या, वाद घालावा लागला. परतलो तर ही जिंकून बसलेली. पिशवी आवरताना पाहिलं, तिच्यात पट्टीची न फोडलेली दोन वेटोळी होती.

"अगं, ही काय!"

"अय्या, होती का?" म्हणाली. ही 'अय्या' म्हणणाऱ्यांतली नाही.

आज दुसऱ्या एका मुलीच्या परतीच्या तिकिटाचा घोळ निस्तरायला पाठवलं. त्या मुलीने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने आणखी कुणाला. दुपारपर्यंत बस, गाड्या आणि लॉजची आरक्षणं घेऊन चौघीजणी माझ्यासमोर रांगेत. "मामा, माझं बघा ना." अख्ख्या स्पर्धेचा मामा झालो आहे. आणि तिकडे भिंगरी सरळ सेटमध्ये जिंकली.

निष्कर्ष उघड आहे. ती मला कोर्टापासून लांब ठेवते आहे, आणि तसं म्हणायचा तिला संकोच वाटतो. मुलीचं मन मोठं. उद्या तिसरा सामना, जिंकली की मुख्य फेरी. मी स्वतःहून दूर राहीन.

१३ मार्च

दूर राहणं जमलं नाही. खरं लिहायचं ठरलं आहे तर लिहितो: पाण्याच्या टाकीमागे लपलो होतो. तिथून कोर्टाचा फक्त वरचा भाग दिसतो. सर्व्हिससाठी चेंडू हवेत उडालेला दिसायचा, मग तिच्या डोक्याचा शेंडा डावीकडे किंवा उजवीकडे पळायचा. त्यावरून गुण ओळखत होतो. पहिला सेट माझ्या हिशेबाने ती जिंकली. प्रत्यक्षात हरली होती.

"साहेब, कोण पाहिजे?"

मागे माळी, हातात पाण्याची नळी.

"कुणी नाही. बघतोय."

"इथनं काय दिसतंय?"

"फार नाही."

त्याने मला खालून वर न्याहाळलं. "मग पाय उचला जरा. भिजाल."

मी पाय उचलत असताना कोर्टावरून ओरडणं ऐकू आलं, "मामाऽ, बाहेर ये, बूट दिसतायत तुझे!" ती दोन गेमच्या मधल्या विश्रांतीत होती आणि हसत होती. फिजिओबाई पण हसत होत्या. मी ओल्या बुटांनी येऊन बाकावर बसलो. ती हरली. पण वाईट वाटल्यासारखं तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. तेच मला खटकतं. विचारलं तर म्हणाली, "हरले की हरले. जेवायला चल, तुला भूक लागली असेल." जणू हरलेलो मी.

१७ मार्च

तिसरं गाव, समुद्राजवळचं. शेवटची स्पर्धा. वारा असा की सरळ उडवलेला चेंडू शेजारच्या कोर्टावर उतरतो.

ताईचा रोज फोन येतो. जेवलास का, काय जेवलास, झोप लागते का, त्या फिजिओबाई या गावातही आहेत का. भिंगरीचं काय चाललंय हे शेवटी विचारते, ओझरतं. आज मी जरा चिडूनच म्हटलं, "ताई, तुझ्या मुलीचं करिअर पणाला लागलंय, आणि तू माझ्या उकडलेल्या अंड्यांची चौकशी करतेस?"

"अरे गाढवा, तिचं तर तिने डिसेंबरातच... मीच म्हटलं, अजून एक दौरा कर, निदान त्याला सोफ्या..." आणि तिथेच थांबली.

"काय?"

"काही नाही. कुकर लागलाय. ठेवते."

ताईची वाक्यं हल्ली अर्धवट राहतात. वय होत चाललं तिचं.

१९ मार्च

दोन्ही सामने जिंकली. दोन्ही वेळा मी समुद्रावर फिरत होतो, सोबतीला फिजिओबाई होत्या म्हणून वेळ बरा गेला. बाईंचं म्हणणं, भिंगरीची पाठ कालपासून सैल पडली आहे, आधी लाकडासारखी होती. "काहीतरी झालंय तिला," म्हणाल्या. मी घाबरलो. "चांगलं हो," म्हणाल्या.

उद्या तिसरा सामना. वेणीवाली म्हणून ओळखतात ती मुलगी समोर आहे. कंबरेपर्यंत वेणी, आणि चेंडू रेषेजवळ टाकण्यात हातखंडा. या दौऱ्यातला भिंगरीचा हा शेवटचा दरवाजा.

मी म्हटलं, उद्या सकाळी मी बाजारात जातो. ती बुटाची नाडी ओवत होती, वर न बघता म्हणाली, "उद्या समोर बस. मागच्या रेषेशी, जिथे सावली येते तिथे. मला तू दिसायला हवायस."

एवढा मान कधी प्रमुखपदानेही मिळाला नसता.

२० मार्च

जेवायला न जाता आधी हे लिहितो आहे.

पहिला सेट भिंगरीचा, दुसरा वेणीवालीचा. इथे तिसरा सेट खेळत नाहीत; दहा गुणांचा टायब्रेक असतो, तोही दोन गुणांच्या फरकाने जिंकायचा. मी मागच्या रेषेच्या सरळ टोकाला, हात मांडीखाली. भिंगरी अशी खेळताना मी कधी पाहिली नाही. दात ओठ खाऊन खेळत होती. चेंडू नेटला लागला की स्वतःला शिव्या घालत होती. ताईच्या शिव्या, शब्दशः. नऊ–आठ झाले. तिच्याकडे मॅच पॉइंट. एक गुण, की मुख्य फेरी.

लांबलचक फटकेबाजी झाली. वेणीवालीने खोलवर मारला, भिंगरीला पोहोचता आलं नाही, चेंडू मागच्या रेषेपाशी पडून माझ्या पायांकडे आला. भिंगरीचं बोट वर गेलं. "आऊट!"

सामना संपला. मी हात मोकळे केले. टाळी वाजवणार तोच वेणीवाली नेटपाशी न येता जागेवरच उभी राहिली. "आत होता," ती म्हणाली. फिरता पंच बोलावला गेला. तो शेजारच्या कोर्टावर होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. कोर्ट सिमेंटचं, खूण उमटत नाही. नियमाप्रमाणे भिंगरीचा शब्द शेवटचा. तसं तो म्हणालाही.

मग वेणीवाली माझ्याकडे वळली. परवाच मी तिचं परतीचं तिकीट बदलून दिलं होतं. "मामा, तुमच्या समोर पडला. सांगा ना."

पंच म्हणाला, "प्रेक्षकांना विचारायचं नसतं." पण त्यानेही माझ्याकडे पाहिलं. आणि भिंगरीनेही पाहिलं.

इथे मला नेमकं लिहायचं आहे आणि नेमकं लिहिता येत नाही. मी काहीही बोललो नाही. चेहरा कोरा ठेवायचं मी ठरवलं होतं. पण मान हलली. मी हलवली असं म्हणणं जड जातं आणि आपोआप हलली म्हणणं खोटं आहे. होकाराची मान. आत होता.

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. मग पंचाला म्हणाली, "आत होता. माझी चूक." नऊ–नऊ. पुढचा फटका तिने नेटमध्ये मारला. त्यापुढे वेणीवालीची सर्व्हिस तिच्या रॅकेटच्या कडेला लागून पार्किंगकडे गेली.

वर्गात मी शिकवतो की चुका दोन जातींच्या: नसलेलं आहे म्हणणं, आणि असलेलं नाही म्हणणं. कुठली चूक महाग पडेल ते आधी ठरवा, असं फळ्यावर लिहितो. आज काय ठरवलं होतं मी? चष्म्याचा नंबर दोन वर्षांत तपासलेला नाही. चेंडू रेषेला शिवला याची मला किती खात्री होती? मला तसं दिसलं. पुष्कळसं दिसलं. पुष्कळशा खात्रीवर मी सख्ख्या भाचीची कारकीर्द संपवली. लोक मामा होतात. मी झालो तो असा.

ती खोलीत आहे. पातळ भिंतीतून काहीच ऐकू येत नाही. बाटलीचं झाकणसुद्धा नाही.

२१ मार्च, दुपार

स्पर्धेच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. काय झालं ते क्रमाने.

शेवटच्या पात्रता सामन्यात हरलेल्यांना एक फट असते. मुख्य फेरीतलं कुणी आजारी पडलं, कुणाची पाठ धरली, तर त्या जागी यांच्यातली एक आत घेतात. तिला लकी लूझर म्हणतात. नशीबवान पराभूत. इतकी नेमकी पदवी मला विद्यापीठाने दिली नाही. त्यासाठी सकाळी स्वतः येऊन सही करायची आणि मग दिवसभर बूट घालून, घाम न येता, तयारीत बसायचं. यादीत भिंगरी पहिली आहे. ती सही करायला येईल असं मला वाटलं नव्हतं. आलो तर ती आधीच येऊन बसलेली. माझ्याशी बोलली नाही. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. आमच्या मध्ये तिची पिशवी.

मी एक गोष्ट करतो आहे जिची लाज वाटते: समोरून जाणाऱ्या प्रत्येक मुलीकडे ती लंगडते का म्हणून बघतो आहे. एक उंच मुलगी शिंकत गेली आणि मला अक्षरशः आनंद झाला. मग इतकं अपराधी वाटलं की धावत जाऊन तिला माझ्या खिशातली सर्दीची गोळी दिली.

परत आलो तेव्हा भिंगरी उभी होती. "तू तिला काय दिलंस?"

कालपासूनचं पहिलं वाक्य.

"गोळी. सर्दीची."

"खेळाडूला? मामा! उत्तेजकांच्या चाचणीत सापडली म्हणजे? एक तर तिला बरी करायला निघालास, नाहीतर तिच्यावर बंदी आणायला! तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

मी उलटा धावलो. त्या मुलीने गोळी अजून घेतली नव्हती. फिजिओबाईंना दाखवत होती. बाईंनी ती माझ्या तळहातावर परत ठेवली, माझी बोटं मिटली आणि म्हणाल्या, "ही तुम्ही घ्या. तुम्हाला जास्त गरज दिसते."

बाकावर परतलो तर पिशवी खाली ठेवलेली होती.

२१ मार्च, संध्याकाळ

कुणीही आजारी पडलं नाही. जग फार धडधाकट आहे. शिंकणारी मुलगी सामना जिंकली. पहिल्या फेरीचा शेवटचा सामना पुकारला गेला तसं कार्यालयातल्या बाईंनी यादी भिंतीवरून काढली, आणि झालं.

पण त्याआधी, चारच्या सुमाराला, भिंगरी बोलली. शक्य तितकं शब्दशः लिहितो, कारण मला सगळं कळलं असं वाटत नाही.

"मामा, तो आत होता."

"मलाही तसंच दिसलं. पण खात्री म्हणशील तर..."

"मला होती खात्री. पडताना दिसला. रेषेवर, अर्धा. दिसला आणि मी आऊट म्हटलं."

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"तू मान हलवली नसतीस तर घेतला असता मी. झोपही मस्त लागली असती रात्री. तेच तर. इतकी वर्षं एक नाही चोरला मी. शून्य–सहा हरत असताना नाही, पाय सुजलेला असताना नाही."

"मग काल का?"

"हवा होता म्हणून." आणि ती हसली. रडेल असं वाटत असताना हसली. "अरे, डिसेंबरपासून मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. जिंकले काय, हरले काय. मोजे धुताना जेवढं वाटतं तेवढंच मॅच पॉइंटला वाटायचं. आईला मी सांगूनसुद्धा टाकलं होतं की..." थांबली. आईचीच सवय.

"की काय?"

"सोड ते. आणि काल तो आत पडला, आणि माझं बोट वर! इतका राग आला होता मला तुझा, भिंतीवर रॅकेट मारणार होते. मग पडल्या पडल्या वाटलं, बाई गं, मला राग आलाय. मला अजून हवंय हे."

मी म्हटलं, पण तुझी अट? मुख्य फेरीत शिरली नाहीस तर थांबणार होतीस.

"अट घातली तेव्हा काही नकोच होतं. तेव्हा अटी घालायला काय जातंय?" मग खाली वाकून नाड्या सोडू लागली. "पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेत नाव दिलंय मी, सही करतानाच. पात्रता फेरी."

मला काय वाटलं ते लिहायला हवं. आनंद झाला. आणि लगेच शंका आली की हा आनंद तिच्यासाठी आहे, की मी गुन्ह्यातून सुटलो म्हणून आहे. दोन्ही असावं. प्रमाण काढत बसलो नाही, ही प्रगती समजावी.

मग ती म्हणाली, "आणि हे बघ. आता तू गेलास तरी चालेल."

हे मला लागलं. "मान हलवली म्हणून?"

"नाही रे बाबा! जायचं तर जा, राहायचं तर राहा. तुझं तू ठरव, एवढंच म्हणतेय. माझ्यासाठी म्हणून राहू नकोस, मीही तुझ्यासाठी म्हणून..." पुन्हा अर्धंच वाक्य. आणि पाय उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवले, लहानपणी गाडीत ठेवायची तसे. टाचेला फोड आला होता.

मला कामावरून काढलं की ठेवलं, याचा खुलासा झाला नाही. 'मीही तुझ्यासाठी म्हणून' याचं पुढचं काय असेल, यावर मी बराच विचार केला. माझ्यासाठी तिने काय केलं असेल? आलेखांवरचं केळं काढलं होतं, हे खरं.

तेवढ्यात वेणीवाली आली. वेणी ओली, खांद्यावर टॉवेल. आमच्यासमोर उभी राहून ती जरा चुळबुळली. "उद्या दुपारी माझा दुसऱ्या फेरीचा सामना आहे. सकाळी सरावाला कुणी नाही. येशील?"

मला वाटलं, आता ताईच्या शिव्या ऐकायला मिळणार.

"सातला," भिंगरी म्हणाली. "पण रेषा तू बघायच्या. माझा भरवसा नाही."

"मामांना बसवू की तिथे!"

"मामाला?" भिंगरी म्हणाली. "तो दोघींनाही हरवेल."

दोघी हसत राहिल्या. मीही हसलो. कालचा दिवस आजच इतका विनोदी कसा झाला, हे मला समजलं नाही, पण कुणी समजावूनही सांगितलं नाही.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं, चेंडू, मान, गोळी, पुढची स्पर्धा. तिने आधी तिकडचा गॅस बंद केला. मग नाक ओढलं. म्हणाली, "तू धावलास? दोनदा?" एवढ्या कहाणीतून हिने उचललं काय, तर मी धावलो.

जेवणं झाल्यावर खोलीच्या दारात भिंगरीला विचारलं, "साडेपाचला दार वाजवू ना? सातला कोर्टावर म्हणजे..."

रोज मीच वाजवतो. पहिल्या ठोक्याला ती हूं म्हणते, दुसऱ्याला मला नावं ठेवते, तिसऱ्याला उठते.

"नको," म्हणाली. "उठेन मी."

"आणि नाही उठलीस तर?"

"तर नाही उठले." दार लोटून घेतलं, मग पुन्हा फटीतून डोकं बाहेर काढलं. "मामा, खरंच नको हं वाजवूस. भिंतीवर पण नाही. खोकायचं पण नाही."

खोकण्याचं माझ्या मनात येऊन गेलं होतं, हे तिला कसं कळलं कोण जाणे.

फिजिओबाईंनी मघाशी जिन्यात विचारलं होतं, सकाळी समुद्रावर येता का, लवकर, ऊन व्हायच्या आत. मी सांगितलं, जमणार नाही, त्या वेळी भाचीला उठवायचं असतं. ती अडचण आता राहिलेली नाही, हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. बाईंचा खोली क्रमांक मला ठाऊक नाही. पहाटे खाली गेलो तर भेटतीलही. त्या नेहमी लवकर निघतात.

उद्या: भिंगरीचं दार वाजवायचं नाही.